बेकरीच्या पावत्या

"रोज चार युरो ऐंशी! विनय, महिन्याचे शंभराच्या वर जातात. घरात आल्याचा चहा मिळत असताना बाबांना बेकरीतली कॉफी हवी कशाला?"

लतिका कुजबुजली खरी, पण स्टुटगार्टमधल्या त्या दोन खोल्यांत कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू जायची. विनयने नेहमीप्रमाणे पावाला लोणी लावण्यात लक्ष घातलं.

किरकोळ खर्चाचा तिने मोबाइलवर तक्ताच केला होता. उन्हाळ्यात सासरे पुण्याहून आले. नोव्हेंबर लागला आणि त्यात बेकरीचा आकडा फुगायला लागला. बरं, दीनानाथ एवढे चोख, की रोजची पावती न चुकता जेवणाच्या टेबलावर, तिच्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवायचे.

शेवटी रविवारी नाश्त्याला तिने पावत्यांचा तो गठ्ठाच त्यांच्यापुढे ठेवला. जमेल तेवढ्या गोडीत म्हणाली, "बाबा, तुम्हाला कॉफी इतकी आवडते हे ठाऊकच नव्हतं हो. घरीच मशीन घेऊ या का?"

दीनानाथ चष्मा पुसत राहिले. त्यांच्याकडे बघायचं टाळायला तिने पावत्यांकडे पाहिलं. सगळ्यांवर वेळ एकच छापली होती, साडेनऊची. तिची ऑफिसची ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायची तेव्हाची. बाबा खोकले, की तिचं बोट ओठांवर जायचं तेव्हाची.

पावाला लोणी लावणाऱ्या विनयची सुरी थांबली.



"कॉफी मला कडूच लागते गं," दीनानाथ म्हणाले. "पण त्या वेळी मी घरात नको असतो ना तुम्हाला. थंडी पडेपर्यंत बागेतल्या बाकावर बसायचो, तिथे पैसे लागत नव्हते."