मागचे ब्रेक

ब्रेकला गॅरेजवाल्याचा हात लागला तर आपलं नाक कापलं जाईल, असा बाबांचा बाणा. माहेरी आलेल्या लेकीच्या गाडीचे मागचे ब्रेकपॅड आणि डिस्क त्यांनी दारातच बदलायला घेतल्या. गंजून बसलेली डिस्क सुटेना, तेव्हा असा हातोडा चालवला की बहिऱ्या शेजाऱ्यानेही खिडकी लावून घेतली.

शेवटचा नट आवळला, तोच जावयाचा फोन आला. "आज तिला घरी यायला सांगाच."

"झालंच की. तासाभरात पाठवतो," बाबा ऐटीत म्हणाले.

पायरीवरची लेक जागची हलली नाही. "बाबा, पुढचे ब्रेकपण बघा ना."

"अगं, ते मागच्याच महिन्यात घातलेत मी."

"माहितीये. तरी खोला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन लावला. "जावईबापू, काम वाढलंय. किती दिवस लागतील, सांगता येत नाही."