मोडलेलं सामायिक

गवा रस्त्याच्या मधोमध उभा होता. वृषभनं ब्रेक दाबला तेव्हा दोघांत चार हातांचं अंतर उरलं. मोटरसायकल बंद पडली. गव्याच्या तोंडाला फेस आला होता. कानामागं दगड लागून फुटलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या. एवढं डोंगराएवढं जनावर, आणि पाय कोकरासारखे थरथरत होते.

दोन दिवस सदलगा भागातली रिकामटेकडी पोरं मोबाईल घेऊन त्याच्यामागं बोंबलत पळत होती. दूधगंगेच्या ह्या, कर्नाटकाच्या अंगाचे वनखात्याचे साहेब म्हणत, जनावर पलीकडनं आलंय, त्यांनी न्यावं. त्या अंगाचे साहेब म्हणत, आता तुमच्या राज्यात आहे, तुम्ही बघा. गव्याला कुठली भाषा येते, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"जा रं बाबा," वृषभ हळूच म्हणाला. "तुझी वाट तू धर."

गवा वळला आणि शेजारच्या उसात घुसला. वृषभला हायसं वाटलं. पण क्षणभरच. त्या उसाला लागूनच त्याचा मळा होता, आणि मळ्याभोवती तार.

रानडुकरांसाठी ती तार त्यानंच ओढली होती. मोटारीच्या पेटीतनं थेट करंट. घर कसलं, तर पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालणारं. दिव्यावर किडा मरतो म्हणून दिवस बुडायच्या आत जेवणारं. आणि दिवस बुडाला की तारेत मरण सोडणारं. सगळ्यांनीच सोडलं होतं, मग कोण कुणाला बोलणार?

त्यानं बांधावरनं गाडी दामटली. दिवस बुडाला होता, खोपीवरचा लाल दिवा लागला होता. म्हणजे करंट चालू.

खोपीत त्याचे वडील, आप्पाण्णा, पांढऱ्या धोतरात सामायिकाला बसले होते. अठ्ठेचाळीस मिनिटं डोळे मिटून जप. बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. चाळीस वर्षांत त्यांचं सामायिक एकदाही मोडलं नव्हतं. जिनमंदिरात लोक पोरांना त्यांचं उदाहरण देत. करंटच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला.

"आप्पा, किल्ली द्या! गवा आलाय उसात!"

म्हातारा हलला नाही.

"मरंल त्यो! ऐकू येतंय न्हवं?"

ऐकू येत होतं. जपमाळेवरची बोटं थांबली होती. मग पुढचा मणी सरकला.

वृषभनं कुलपावर दगड घातला. कुलूप दाद देईना. ऊस मोडल्याचा कडकड आवाज जवळ येत चालला.

"बसा मग पुण्य राखत! मीच पाडतो तार."

त्यानं दारातला भिजका बांबू उचलला आणि सकाळीच पाणी पाजलेल्या रानात पाय घातला. चिखल घोट्यापर्यंत आला. तार दहा पावलांवर होती. मग पाच.

"वृषभ्या! थांब!"

आप्पाण्णा उठले होते. धोतर पायात अडकून ते तोंडावर आपटले. तसेच गुडघ्यांवर रांगत पेटीपाशी गेले, करदोटा तोडून किल्ली काढली, कुलूप उघडून खटका पाडला. लाल दिवा विझला.

त्याच क्षणी गवा उसातनं बाहेर आला. तार छातीवर घेऊन, चार खांब उखडत मळा ओलांडून गेला. थोड्या वेळानं नदीकडं कुत्री भुंकायला लागली. त्यांच्यामागनं पोरांच्या शिट्ट्या.

आप्पाण्णा पेटीला टेकून धापा टाकत होते. वृषभचा राग उतरला नव्हता.

"मोडलं की तुमचं सामायिक. एका गव्यापायी."

"गव्यापायी न्हाय रं. तू चिखलात पाय घातलास." म्हातारा तुटलेला करदोटा चाचपत राहिला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी तुझी आईबी हाका मारत हुती. लई वेळ. मी डोळं उघडलं न्हाईत."

वृषभची आई प्रेमला झोपेतच गेली, कुणाला हाकसुद्धा मारली नाही, असं आप्पाण्णा तीन वर्षं साऱ्या गावाला सांगत आले होते.