बासष्ट किलो

"बासष्ट," दुकानदार बन्सीधर म्हणाला.

व्यंकटरावांनी स्वतः वाकून काटा बघितला. दुसऱ्याच्या डोळ्यांवर ते कधी विसंबत नसत.

"आठवा आठवडा, बन्सीशेठ. गुंजभर हललं न्हाई."

"एकदा सदरा काढून तर उभं करा पोराला."

"पौषातली थंडी हाय. छाती धरली तर त्याच्या जागी तुमी उतरणार का आखाड्यात?"

नागनाथ काट्यावरून सावकाश उतरला. बन्सीधर मात्र आपल्याच दुःखात होता. आधी त्याचं अर्ध्या किलोचं वजन गेलं, मग एक किलोचं, आणि या आठवड्यात दोन किलोचंही. वजनांवर लाल रंगात 'ब' काढलेला होता, तरी सापडेनात.

"तुमची वजनं नेऊन चोराला काय मिळणार?" व्यंकटराव म्हणाले. "आधीच हलकी!"

पाथरीचे दत्तराव वस्ताद यांनी खुराक ठरवून दिला होता. "गडी दांडगा करायचा, पण पोट सुटू द्यायचं न्हाई. साखर, भात, मैदा बंद. ते पोटावर बसतंय. ज्वारीची भाकर, रताळं, उकडलेले हरभरे द्या. ते हळूहळू अंगात मुरतंय." माघात परभणीला बासष्ट किलो गटाच्या कुस्त्या होत्या. वजन वर गेलं तर गट हुकणार, खाली आलं तर ताकद गेली समजायची.

नागनाथची आई पार्वतीबाई गेल्याला पाच महिने झाले होते. शेवटच्या दिवशी व्यंकटरावांनी त्यांना शब्द दिला होता, "तुझा नागनाथ जिल्ह्यात पहिला येईल." त्यानंतर बापलेक त्यांच्याविषयी कधी बोलले नाहीत. बोलणं व्हायचं ते भाकरीवर.

व्यंकटराव स्वतः भाकरी थापू लागले होते. सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन. नागनाथ ताट घेऊन गोठ्यात जाई. स्वयंपाकघरात बसायला त्याला नको वाटे. व्यंकटरावांनाही वाटे, पण त्यांना चूल होती.

"खाल्लंस?"

"खाल्लं, आबा."

ताट चाटूनपुसून आलेलं असे. व्यंकटराव वहीत सात लिहीत.

शेजारच्या धुरपताबाईंनी एकदा हटकलंच. "पोरगं लय उतरलंय हो, भावजी. गालफडं बसलीत."

"चरबी उतरलीय, वहिनी. काटा हाय तिथंच हाय. म्हंजे चरबी गेली, तेवढं मांस आलं. हिशोब सरळ हाय."

धुरपताबाई पदर सावरत घराकडं वळल्या. काट्यापुढं कोण बोलणार?

म्हैस मात्र यंदा तुकतुकीत झाली होती. दूध शेरभर वाढलं होतं. ते श्रेय व्यंकटरावांनी सरकीच्या पेंडीला दिलं.

परभणीला वजनाच्या रांगेत व्यंकटरावांचा जीव टांगणीला लागला. रात्री मुक्काम मावसभावाकडं होता आणि त्याच्या घरी जिलबी होती.

"जिलबी खाल्ली न्हाईस ना?"

"न्हाई."

"एखादी?"

"न्हाई, आबा."

नागनाथचा आवाज दुसऱ्याच कुणाचं उत्तर सांगावं तसा सपाट होता. व्यंकटरावांना तो आवडला. पैलवानानं असंच थंड असावं.

टेबलामागच्या पंचांनी नाव लिहून घेतलं. "सदरा काढा. वजन लंगोटावर होतं."

नागनाथ हलला नाही.

"काढ की," व्यंकटराव म्हणाले. "लाजतोस काय? बघू दे लोकांना, कसं कमावलंय!"

नागनाथनं बापाकडं एकदा बघितलं. मग सदरा काढला. कमरेला घट्ट गुंडाळलेली पार्वतीबाईंच्या लुगड्याची पट्टी सोडली, आणि तिच्यातली वजनं पंचांच्या टेबलावर एकापुढं एक ठेवली: अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. तिन्हींवर लाल 'ब' होता.