शेवटच्या तीन ओळी

"मास्तर, खालच्या तीन ओळी राहिल्या," वकील म्हणाला.

राहिल्या नव्हत्या, दिसत नव्हत्या. संगमरवरी शिळेच्या तळाशी मरियमची छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे तेलाचा दिवा, आणि दीडशे वर्षांच्या काजळीनं मागची अक्षरं पार गिळली होती. मास्तर स्टुलावर उभं राहून शिळेला लावलेल्या कागदावर पेन्सिल घासत होते. वरच्या ओळींचा ठसा झकास उठला होता. खाली मात्र धूर सरळ डोळ्यांत जात होता.

"विझवा की तो दोन मिनिटं," वकील म्हणाला. "मीच विझवला असता, पण हातात फोन आहे. नोंदीसाठी फोटो काढतोय."

मास्तरांनी गाल फुगवून फुंकर मारली, फडक्यानं काजळी पुसली आणि ठसा घेतला. काडी ओढून ते दिवा पुन्हा लावत होते, तेवढ्यात तेलाची बाटली घेऊन मावशी आली. त्या घराची सगळी देखभाल तिच्याकडे होती.

"अगं बाई! विझवलात? त्याला कुणी हात लावायचा नाही असं जुन्या नन बजावून गेल्यात."

"का गं?"

"का ते मला काय ठाऊक? बजावलं म्हणजे बजावलं."

"दोन मिनिटांत आभाळ कोसळत नाही मावशी," मास्तर म्हणाले.

असाध्य रोग्यांचं घर होतं ते. कुण्या इटालियन व्यापाऱ्यानं दान दिलेलं. दानपत्रात अटींबद्दल एकच वाक्य होतं: शिळेवर कोरल्याप्रमाणे. आता त्याच्या वारसांना जागा विकायची होती, आणि हा वकील त्यांचा. विकता येते की नाही हे शिळाच सांगणार, म्हणून तिचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. विद्यापीठात इटालियन शिकवणाऱ्या बाई असताना त्यानं आपलं दार ठोठावावं, याचं मास्तरांना नवल वाटलं होतं. आणि, खोटं कशाला बोला, थोडी कॉलरही ताठ झाली होती.

त्यांची बायको आत, खिडकीजवळच्या खाटेवर होती. नऊ वर्षं. अर्धं अंग गेलेलं, जीभ शाबूत.

"जन्मभर त्या इटालियनच्या नादी लागलात," ती म्हणाली, "शेजारच्या मांजरालासुद्धा उपयोग झाला नाही. आता तरी होऊ दे."

"होणार! वरच्या ओळी वाचल्या मी. 'या छताखाली आलेल्या रोग्याला अखेरच्या श्वासापर्यंत कुणी हलवू नये.' देवाची शपथ घालून कोरलंय. बघतोच कोण हलवतो तुला."

ती अर्ध्या तोंडानं हसली. मग हळूच म्हणाली, "आणि हलवलंच, तर मला कुठे न्याल हो?"

मास्तरांच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या. जिना अरुंद, लिफ्ट नाही, आणि त्यांची स्वतःची सत्तरी उलटलेली. त्यांनी तिची उशी नीट केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शब्दकोश घेऊन घरी बसले. खालच्या तीन ओळी एकेक शब्द करत उलगडल्या.

'परंतु येथे आश्रय घेतलेल्याने किंवा त्याच्या आप्ताने मरियमपुढील दिवा आपणहून विझवला, तर त्यांनी हे दान नाकारले असे समजावे. घर व जमीन दात्याच्या कुळाकडे परत जावी.'

मास्तरांनी त्या ओळी शब्दकोशाशी पुन्हा ताडून पाहिल्या. एक फुंकर. मेली एवढीशी फुंकर!

दोन दिवस त्यांना घास गिळवला नाही. बायकोला भेटायला गेले ते दाराबाहेरूनच परतले. तिला तोंड कसं दाखवणार?

तिसऱ्या दिवशी डोकं थोडं चालायला लागलं. इथे इटालियन येतंय कुणाला? वकिलाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर तो आपल्याकडे आला. वरच्या ओळींचं भाषांतर मास्तरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, 'शेवटच्या तीन ओळी झिजल्यामुळे वाचता येत नाहीत.' चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या लबाड्या पकडणाऱ्या माणसानं त्याच्याखाली सही केली.

वकिलानं कागद शांतपणे वाचला.

"झिजल्यात?"

"पार. काजळीनं खाल्ल्या."

"अरेरे," वकील म्हणाला आणि त्यानं खण उघडला. आतून एक पिवळा पडलेला, टाइप केलेला कागद काढून मास्तरांपुढे सरकवला. इंग्रजीत होता. चाळीस वर्षांपूर्वीची तारीख. शिळेवरचा शब्द न् शब्द, शेवटच्या तीन ओळींसकट. त्यावर त्यानं एक फोटो ठेवला. गाल फुगवलेले मास्तर, आणि त्यांच्या ओठांपुढे आडवी झालेली ज्योत.

मास्तरांनी फोटो पालथा घातला.

"भाषांतर होतंच तुमच्याकडे," ते कसंबसं म्हणाले. "मग मला कशाला बोलावलंत? हवंच होतं तर विद्यापीठातल्या बाई होत्या..."

"त्यांचं त्या घरात कुणी नाही ना, मास्तर."