पहिलं पार्सल

बाळांच्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान काढायला आम्ही परदेशात आलो आणि ते सुरू केल्यावर नवव्या दिवशी पहिली ऑर्डर आली, सहा झबल्यांची. तासाभरात कुरिअरवाला येणार आणि आमचे चिरंजीव कडेवरून उतरायला तयार नाहीत. शेवटी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाळासमोर खोक्याला टेकवून ठेवला.

"तू तुझं काम कर गं. या लबाडाला मी बघते."

झबली भरली, पत्ता तीनदा तपासला. पार्सल देऊन मागे वळले, तर बाळ गाढ झोपलेलं आणि फोन तसाच चालू.

"अहो आई, हा केव्हाच झोपलाय! ठेवायचा ना फोन."

"अगं, पहिलंच गिऱ्हाईक तुझं," त्या कुजबुजल्या. "दुकानात घरचं माणूस नको?"