नितळ पाणी

रामवाडीच्या बिल्डिंगच्या साईटवरून लाल गढूळ पाणी उतरायचं आणि विमलबाईचं लावलेलं भात कुजायचं. तिच्या तक्रारीवरून तालुक्याचे साहेब तपासायला आले, तर साईटच्या पाइपातून काचेसारखं नितळ पाणी! "कुठाय गाळ, बाई?" म्हणत साहेबांनी बिल्डरची परवानगी कायम केली.

विमलबाईला काही ते पटेना. एवढं चांगलं पाणी ह्या मेल्यांनी आणलं कुठून? धुसफुसतच ती शेजारच्या आपल्या घरी आली आणि विहिरीत कळशी सोडली. भर श्रावणात काठोकाठ असणारी विहीर, पण आज दोर संपत आला तरी कळशी पाण्याला टेकेना.



विहिरीमागे साईटवर कामाला जाणारा तिचा लेक जितेश लांबलचक पाइप गुंडाळत होता. "साहेब गेलं काय गो आये?"