दुसरी वाटी

बायोप्सीपासून अण्णा नीट जेवत नव्हते, म्हणून लेकीने बासुंदीची दुसरी वाटी पुढे केली, तसे ते हात आखडून बसले. मधुमेह झाल्यापासून तिने पहिलीही कधी सुखासुखी खाऊ दिली नव्हती.

“काय निघालं ते खरं सांग.”

“सांगितलं ना. काही पेशी वेगळ्या दिसल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवता येत नाहीये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले.”

“तुझ्या आईला मीही असंच सांगायचो. साधा अल्सर आहे म्हणून. हवं ते खाऊ घालायचो. मला नको शिकवूस.”

तिने रिपोर्ट पुढे केला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रिपोर्ट कसा बदलून आणतात, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं.

लेकीने रिपोर्टची घडी घालून तो बाजूला ठेवला. “आईला सगळं कळलं होतं, अण्णा. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने मला. खोटं बोलताना तुमचा चेहरा कसनुसा व्हायचा, ते तिला बघवत नव्हतं.”

अण्णांनी लेकीचा चेहरा निरखून पाहिला; तो कसनुसा झालेला नव्हता. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

“तीन महिन्यांनी म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “दिवाळीच्या आत की नंतर?”